पेशंट बाहेर बाकड्यावर, निर्णय आत

संपादक साहेब, नमस्कार.

वय वंदना कार्डाच्या बातम्या वाचते मी. सत्तरीच्या वरच्यांना उत्पन्न न पाहता वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज, २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, चांगलंच आहे. पण पैशाचं जमलं तरी इलाज कोणता अन् किती घ्यायचा हे कोण ठरवणार, त्यावर कोणी लिहीत नाही.

आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, गालाचा कॅन्सर निघाला. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय. नागपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टर आमच्या मिस्टरांशी बोलले, पुण्याचे भाऊजी फोनच्या स्पीकरवर "काहीपण करा पण ऑपरेशन करा" म्हणत होते, अन् मामाजी बाहेर बाकड्यावर माझ्याजवळ. म्हणे, "तोंड माह्यं, अन् मलेच बाहेर बसवलं काऊन?" घरात सगळ्यांचं एकच, बुढ्याले सांगू नका, हाय खाईल. अहो, ज्यानं बोंडअळीचं साल काढलं, सोसायटीचं कर्ज फेडलं तो एका शब्दानं हाय खाईल का? अन् दवाखान्याच्या बोर्डावर कॅन्सर लिहिलेलंच आहे, त्यांना वाचता येते.

वयाचंही तसंच. कोणी म्हणते पंच्याहत्तरी झाली आता कशाला, कोणी म्हणते सगळं करा, दोन्ही अंदाजपंचे. माणूस स्वतः उठतो-चालतो का, पडतो का, विसरतो का, वजन किती घटलं, बीपी-शुगरच्या गोळ्या किती, हे पाहून ठरवायचं असते. आमची गोळ्यांची पिशवी कोणी उघडलीसुद्धा नाही.

ऑपरेशननंतर रेडिएशन म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज, सहा-एक आठवडे. ऐन कापूस वेचणीत नागपुरात खोली करून कोण राहणार, नळीतून वरणाचं पाणी कोण देणार? मीच ना. मला पण विचारलं नाही कोणी. दुखणं अन् रक्त जाणं कमी करायला थोड्या दिवसांचं रेडिएशन असते, मॉर्फिनच्या गोळ्या असतात, हे एका ओळखीच्या नर्सबाईनं सांगितलं तेव्हा कळलं.

माझं म्हणणं एवढंच की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस असं कोणी बसवा जे पेशंटला समोर बसवून त्याच्या भाषेत सांगेल, हा इलाज बरं करायला आहे की त्रास कमी करायला, नाही केला तर काय होईल, अन् मग त्याला विचारेल, बाबा, तुमचं काय म्हणणं? पुण्यावाल्यांना फोनवर घ्या, पण नंतर.

– एक सून, ता. आर्णी, जि. यवतमाळ