रविवारची बैठक : कर्वे बंधू

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चार मुलांवर चर्चा आहे.

रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य, भास्करराव हिंगण्याच्या, वडिलांनी काढलेल्या स्त्रीशिक्षण संस्थेत. रघुनाथरावांना मात्र निम्मा वेळ द्यायचाच: १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र, १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक, तेही खटले सोसून.

- प्रत्येकाने एकाच भावाबद्दल बोलावं. नाव शुक्रवारपर्यंत कळवा.
- 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक टेबलावर असतील. कडा चुरतात, हात कोरडे ठेवून पानं उलटा. घरी नेता येणार नाहीत.
- वेळेवर या, दार सव्वापाचला बंद होईल.