सहीबद्दल आणि बांधाबद्दल

वडगाव शेरी, पुणे
रविवार, संध्याकाळ

प्रिय आई आणि बाबा,
जय ख्रिस्त.

वडगाव शेरीहून गुरुवार पेठेत रिक्षाने यायला फार तर पाऊण तास लागतो आणि मी पत्र लिहितेय, याचं आईला हसू येईल. पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबा "बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई विचारते, भाजी काय केलीस? गेले तीन आठवडे आपण भाज्यांवरच बोलतोय. मागच्या मंगळवारी मी दोडका सांगितला, आईने घोसाळं ऐकलं, आणि त्यावर पाच मिनिटं गेली. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही चाळीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका.

त्या रविवारी उपासनेनंतर जेवताना तुम्ही पतसंस्थेचा फॉर्म माझ्या ताटाशेजारी ठेवलात. पेनही ठेवलंत, टोपण काढून. दादाला केटरिंगसाठी गाडी घ्यायची आहे, जामीनदार म्हणून माझी सही हवी. मी नाही म्हटलं. तुम्ही आवाज चढवला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाचवी आज्ञा, आईबापांचा मान राख, तुला मीच पाठ करून घेतली होती," आणि हात धुवायला उठलात. अर्धी भाकरी ताटात राहिली. तुमच्या ताटात कधी शीत राहिलेलं मी पाहिलेलं नाही. ती भाकरी तीन आठवडे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पहिल्या वेळचं काय झालं ते मी तुम्हाला कधीच नीट सांगितलं नाही, ही माझी चूक. २०१९ साली टेम्पोसाठी मी सही केली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "नुसती सही तर आहे." कायद्यात नुसती सही असं काही नसतं, बाबा. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे दादाने हप्ता भरला नाही तर संस्था आधी त्याच्या मागे लागेल आणि अगदीच जमलं नाही तर माझ्याकडे येईल, असं नसतं. ती सरळ माझ्याकडे येऊ शकते, आणि आलीही. टाळेबंदीत टेम्पो दारात उभा राहिला, हप्ते तुंबले, आणि सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखला काढू असं पत्र माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं. ते पाकीट आमच्या शिपायाने सगळ्यांदेखत माझ्या टेबलावर ठेवलं. मी त्याच ऑफिसात लोकांचे हिशेब तपासते. नंतर बावीस महिने माझ्या पगारातून ६,४०० रुपये कापले गेले. गुणाकार करू नका, मीच सांगते, एक लाख चाळीस हजार आठशे. त्या वर्षी निनादचं चित्रकलेचं शिबिर रद्द केलं आणि तुम्हाला सांगितलं की त्यालाच जायचं नाही. खोटं बोलले. माझ्या "हो"मधून निघालेलं ते पहिलं खोटं. पुढे आणखी निघाली.

पैशांचं दुःख संपलं. पण दादाचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. नाताळात तो करंज्यांचा डबा घेऊन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच रेंगाळले. ज्या भावासाठी सही केली, त्याच्यासमोर बसणं नकोसं झालं. त्याची शरम तो हसण्यात लपवत होता, माझा राग मी चहात. हे मला पुन्हा नको आहे. दादा मला भाऊ म्हणून हवा आहे, कर्जदार म्हणून नको.

तुम्ही आज्ञा काढलीत, तर मी बायबलातल्या नीतिसूत्रांचा सहावा अध्याय काढते. तो तुम्ही मला पाठ करायला लावला नव्हता, मुंगीच्या गोष्टीपासून सुरुवात केली होतीत. मुंगी सहाव्या ओळीत येते. त्याआधीच्या पाच ओळी जामीन राहणाऱ्यासाठी आहेत: शब्दात अडकला असशील तर ऊठ, जा, गयावया कर, डोळ्यांना झोप लागू देऊ नको, शिकाऱ्याच्या हातून हरिण सुटतं तसा सुटून ये. संडे स्कूलमध्ये आम्हाला आळशी माणूस आणि मुंगी तेवढी शिकवली. जामीनदाराचा धडा गाळला. (आपल्या मंडळीत तो शिकवला असता तर अर्ध्या पुरुषांना मान खाली घालून बसावं लागलं असतं, हेही कारण असेल.)

आता बांधाचं. आजोबांची राहुरीकडची जमीन तुमच्याच तोंडून मी इतकी ऐकली आहे की मला ती पाहिल्यासारखी वाटते. शेजारचा दर वर्षी नांगरताना एक तास आत घ्यायचा. तास म्हणजे नांगराची रेघ, केवढी, वीतभर. आजोबा गप्प. आजी म्हणायची, जाऊ द्या, शेजारी आहे. अकरा वर्षांनी मोजणी आणली तेव्हा बाभळीचं झाड शेजाऱ्याच्या रानात गेलेलं होतं. मग आजोबांनी दगड रोवले. आणि त्याच उन्हाळ्यात त्या शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला आपली बैलजोडी दिली. गोष्ट इथे आली की तुम्ही नेहमी म्हणायचात, "बांध कोरला जात होता तोवर त्यांचं तोंड बघवत नव्हतं. दगड रोवले आणि बैल देता आले." बाबा, हे तुमचं वाक्य आहे. मी फक्त ते माझ्या घरी आणलं.

शास्त्रात बांध सरकवणाऱ्याला शापच आहे, बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात. पण बांध म्हणजे भिंत नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगणार. बांधावरून वाट जाते, बांधावर बसून भाकरी खातात, दोन्हीकडची माती पावसात वाहून जात नाही ती बांधामुळे. तुमच्याकडे येताना मी येरवड्याहून बंडगार्डनचा पूल ओलांडते. तिथला बंड म्हणजे आपला बांधच. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून बांधलेला. उन्हाळ्यात तो मुळा-मुठेचं पाणी धरून ठेवतो आणि पावसाळ्यात तेच पाणी त्याच्या डोक्यावरून धो-धो जातं. हल्ली तिथे वास येतो ते सोडा.

तुम्हाला वाटत असेल की ही मोबाइलवरची भाषा आहे. आजकाल कुणीही उठून आईबापांना विषारी म्हणतं आणि दार लावून घेतं. तो शब्द मला किळसवाणा वाटतो, आणि मी तो आपल्या घरात येऊ देणार नाही. प्रभूने परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना, ज्या गोष्टीवरून झापलं ती मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. आईवडिलांना द्यायचं ते "कुर्बान, देवाला वाहिलंय" म्हणून मोकळं व्हायचं. देवाचं नाव घेऊन आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्याला तिथे जागा नाही. स्वतःचं मन जपायचं म्हणून तुमच्याकडे पाठ फिरवली, तर तीही कुर्बानच. हे मी स्वतःला रोज सांगते.

पण त्याच मार्कमध्ये तिसऱ्या अध्यायात प्रभूची आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत, निरोप पाठवताहेत, आणि तो उठून जात नाही. लहानपणी मला तो प्रसंग आवडायचा नाही. मरीयेला उन्हात उभी ठेवली, असं वाटायचं. आईलाही तो आवडत नाही, मला ठाऊक आहे. तो वाचला गेला की ती पदर सारखा करते. पुढे योहान वाचताना कळलं की वधस्तंभावरून, श्वास पुरत नसताना, त्याच आईची सोय लावणारा तोच आहे. "ही तुझी आई." त्याच घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. बोलावलं तेव्हा न जाणारा मुलगा आणि मरताना आईला कुणाच्या तरी हाती सोपवून जाणारा मुलगा एकच. मला दोन्ही प्रसंग एकत्र वाचता यायला चाळिशी उलटावी लागली.

आणि गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय, तुमचा आवडता. "एकमेकांची ओझी वाहा." तीनच ओळी खाली पौल म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. तुम्ही पहिली ओळ सांगता, मी दुसरी सांगते आणि आपण भांडतो. आमच्या अभ्यासगटात पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला बारोस, म्हणजे माणसाला दाबून टाकणारं वजन. दुसरा फोर्तिओन, ज्याचा त्याचा बोजा, जसं सैनिकाचं पाठीवरचं सामान. आणि "माझे ओझे हलके आहे" असं प्रभू म्हणतो तिथेही हाच फोर्तिओन आहे. दादाच्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा ते बारोस होतं. मी चार रात्री दवाखान्यात बसले आणि पुन्हाही बसेन. गाडीचा हप्ता हा दादाचा फोर्तिओन आहे. तो मी उचलला तर त्याची पाठ कधीच तयार व्हायची नाही. तो आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे, बाबा.

पंडिता रमाबाईंची गोष्टही तुमचीच. पंचहौद चर्चच्या घंटा वाजायला लागल्या की तुम्ही ती सुरू करायचात, कारण इथल्या सिस्टर इंग्लंडमधल्या ज्या वाँटेजच्या मठातून आल्या, त्याच वाँटेजला १८८३ साली रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. आणि त्याच आजीबाईंना त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की कुणी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी माझी आहे. इंग्लंडच्या थंडीतही त्यांनी शाकाहार सोडला नाही. आजीबाई दुखावल्या. पण पत्रं थांबली नाहीत, वर्षानुवर्षं चालली. मी नववीत असताना तुम्ही मला विचारलं होतंत, "ही बाई उद्धट होती का?" मी म्हणाले, थोडी. तुम्ही म्हणालात, "नाही, प्रामाणिक होती." बाबा, मला तुम्ही आता काय म्हणाल?

तर मी सही करणार नाही. यावेळी नाही आणि पुढेही नाही, आणि हे मी दादाला स्वतः सांगितलं आहे, काल, समोर बसून. तो चिडला. मग म्हणाला, "मागच्या वेळी तू काही बोलली असतीस तर." आम्ही दोघं त्याच्या जुन्या हिशेबाच्या वह्या घेऊन बसलो. मला त्याचा हिशेब येतो, आणि तेवढं मी शनिवारी दुपारी करून देईन, फुकट. आधी जुनी गाडी भाड्याने घेऊन सहा महिने चालवून बघ, असं सुचवलंय. ऐकेल की नाही, त्याचं तो बघेल.

आणखी दोन किरकोळ गोष्टी, आता लिहितेच आहे तर. मंडळीत कुणाच्याही मुलाच्या नोकरीसाठी माझा नंबर देऊ नका. आधी मला विचारा. मार्चअखेरीस मला एका दिवसात नऊ फोन आले. पहाटे अंधारात एकटा प्रार्थनेला गेलेल्या प्रभूला शिष्य जाऊन म्हणाले, "सगळे तुम्हाला शोधताहेत," आणि तो त्यांना घेऊन भलत्याच गावांना निघाला, ते वाचून मला हल्ली फार बरं वाटतं. दुसरं, आमच्या घराची चावी तुमच्याकडेच राहू दे. पण येण्याआधी एक फोन करा. आई, माझे मसाल्याचे डबे तू उंचीप्रमाणे लावून गेलीस. छान दिसतात. मला हळद सापडत नाही.

आई, तुला वेगळं काही लिहायचं होतं. गेल्या नाताळच्या आदल्या रात्री दीड वाजता कॅरलची मंडळी आली, चाळीस माणसं, आणि तू त्या गुडघ्यांनी उभी राहून दोनदा चहा केलास. महिला मंडळाच्या बायका म्हणाल्या, बाई असावी तर अशी. सगळे गेल्यावर तू न्हाणीघरात कडी लावून पाय चोळत बसली होतीस, मी ऐकलं. मी तुझ्याकडून नाही म्हणायला शिकले नाही. पण कडी लावायला शिकले, आणि ती मला आता काढायची आहे. तुझीही काढायची आहे. या डिसेंबरला चहा तरुण संघाची पोरं करतील. मी त्यांच्याशी बोलले आहे. तुला न विचारता बोलले, म्हणजे मीही तुझा बांध कोरलाच. रागव.

येत्या रविवारी आम्ही तिघं उपासनेनंतर येतो. फॉर्म असेल तर आधीच आवरून ठेवा, भाकरी पूर्ण खा. निनादला आजोबांकडून बाभळीची गोष्ट ऐकायची आहे. मी मोडकीतोडकी सांगितली, त्याला पटली नाही.

आणि आई, गुडघ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारी साडेअकराची घेतली आहे. बसने निघू नकोस, मी घ्यायला येते. मागचे एक्स-रे कपाटावरच्या निळ्या पिशवीत आहेत, ते बाबांना काढायला सांग. स्टुलावर तू चढू नकोस.

तुमची,
बेबी