मावशी, पाच ते सातचा हिशेब

मावशी,

परवा इथल्या पाळणाघराची पहिली पावती हातात पडली. महिन्याचे साडेसहा हजार, आणि खाली वेगळ्या ओळीत "उशीर, अर्धा तास, शंभर रुपये". त्या दिवशी खो-खोचा सराव लांबला होता आणि चिंचवडला रिक्षा सिग्नलवर अडकली. पैशांचं काही नाही, त्या बाईंचं ते काम आहे आणि त्या ते चोख करतात. पण ती ओळ वाचली आणि धाराशिवच्या मैदानाच्या फाटकाजवळचा तुमचा चहाचा गाडा डोळ्यांपुढे आला. जानेवारी २०२४ ते मे २०२५, रविवार सोडून रोज संध्याकाळी पाच ते सात, मी पोरींना शिकवत असताना तुम्ही माझी लेक सांभाळलीत. सणवार, सुट्ट्या वजा केल्या तरी आकडा साडेसातशे तासांच्या खाली येईना. "येडी हाय का ही, तास मोजती," असं तुम्ही म्हणणार. म्हणा.

पत्र चारचौघांत लिहितेय, कारण मी तुमच्यावर ओरडले होते तेही चारचौघांतच. त्याचं पुढे सांगते.

तेव्हा आमच्या घरात सगळंच एकदम हललं होतं. ह्यांना चाकणच्या कंपनीत काम लागलं, पंधरा दिवसांतून एकदा घरी. सप्टेंबर २०२३ मध्ये लेक झाली, तीही सिझेरियननं. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले. माझं शाळेतलं काम मानधनावरचं, म्हणजे बाळंतपणाची रजा याचा अर्थ मानधन बंद. आणि त्यात खेळही बदलत होता. आम्ही मातीत अनवाणी शिकलो, आता मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून. एकेका पोरीच्या बुटाचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मला बाळंतिणीच्या खाटेवरही सुटत नव्हता.

खरं सांगायचं तर चार पोरी नसत्या तर मी वर्षभर घरीच बसले असते. त्या चौघींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, पोरी आजीजवळ. संध्याकाळी मैदान नसेल तर त्यांतल्या दोघी तरी पुढच्या वर्षी कोयता घेऊन फडात दिसतील, हे मला दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "चार महिन्यांचं लेकरू घरात आणि आई शिट्टी फुंकत फिरणार?" तेव्हा फार लागलं मला. आज वाटतं, दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांनी तरी तान्ह्या लेकराला घेऊन किती येरझाऱ्या घालायच्या?

म्हणून पहिल्या दिवशी मी तिला कडेवर घेऊनच मैदानावर आले. शिट्टी वाजवली की ती दचकायची आणि टाहो फोडायची. शिट्टी न वाजवता खो-खो शिकवून बघितलं, तेही जमेना. पोरी पाटीत, म्हणजे मैदानावर आखलेल्या पट्ट्यात, बसून माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही फाटकाजवळून आलात, हात धुतलेले, पदराला पुसत. "दे इकडं. तू जा पोरींकडं." एवढंच. विचारलं नाहीत, समजूत घातली नाहीत, आमच्या काळी कसं होतं तेही ऐकवलं नाहीत. गाड्याचा खांब आणि कडुलिंब यांच्यामध्ये तुमच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलीत. गाठ मारल्यावर आधी आत विटेचे दोन तुकडे ठेवून हेलकावे देऊन बघितलेत, मग लेकरू ठेवलंत. त्या विटा मी अजून विसरले नाही.

पाच ते सात हीच तुमच्या धंद्याची वेळ, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. क्लासची पोरं, बँकेतली माणसं, सगळी त्याच वेळी चहाला. नवरात्रात तर तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ, आणि तुम्ही एका हातानं गाळणं धरून दुसऱ्या हातानं झोळीची दोरी ओढताय. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचात, "थांब की बाबा, लेकराचा डोळा लागतोय." कितीतरी कप त्या दोरीपायी गेले असतील.

लेकीच्या पाचव्या महिन्यात मी एका पोरीला खांबाजवळचा सूर दाखवायला गेले. फाटकावरून तुमची हाक आली, "ए बये! पोटाला टाकं हायेत!" अख्खं मैदान थांबलं. मी लाजेनं लाल. पण सूर मारला नाही. मग मी तोंडी सांगितलं, खांद्यातून कसं झेपावायचं, खांबावर हात कसा ठेवायचा, आणि ती पोरगी तिसऱ्या प्रयत्नात शिकली. करून न दाखवता शिकवायची सवय मला तिथून लागली.

आता ते बिस्किटाचं.

त्याच आठवड्यात पाणी प्यायला म्हणून फाटकाकडे आले तर तुम्ही चहात बुडवलेलं बिस्कीट तिच्या ओठांना लावत होतात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, हे डॉक्टरांनी मला बजावलेलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवतं. "तुम्हाला कळत नसेल तर हात लावू नका" हे वाक्य तर फारच आठवतं. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तुम्ही बिस्कीट खाली ठेवलंत आणि तिचं तोंड पुसलंत.

मुद्द्याचं म्हणाल तर माझं बरोबर होतं, आजही तेच म्हणेन. पण ज्या बाईच्या जिवावर मी दोन तास उभी होते तिला लोकांपुढं तसं बोलायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी येऊ की नको करत आले. झोळी बांधलेली होती. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, पण लेकरू घेतलंत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "काय, कवा, किती द्यायचं ते लिहून दे. नात वाचून दाखवील." मी लिहून दिलं आणि तुम्ही तो कागद खळीनं गाड्याच्या आतल्या पत्र्याला चिकटवलात, देवीच्या फोटोखाली. मी माफी मात्र मागितली नाही. सव्वा वर्ष तो कागद बघत होते आणि मागितली नाही.

अजून कशाकशाचं सांगू? २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत आपला धाराशिवही होता. उन्हाळ्यात मैदानावर मारायला पाणी नाही, धूळ पोरींच्या नाकातोंडात. तुम्ही कप विसळलेलं पाणी बादलीत साठवून मधल्या पाटीवर शिंपडायला सुरुवात केलीत. २७ मीटरच्या मैदानाला ती बादली कुठवर पुरणार? पण मधली पाटी रोज ओली असायची.

सासूबाईंकडे तुम्ही कधी जाऊन आलात ते मला आधी कळलंच नाही. गुडघ्याला लावायचं तेल विचारायच्या निमित्तानं म्हणे. पुढच्या महिन्यात त्या काठी टेकत फाटकाशी आल्या आणि तुमच्या स्टुलावर बसून आलं ठेचायला लागल्या. मग ते रोजचंच झालं. दोघींचं काय बोलणं झालं होतं, हे आजतागायत दोघींपैकी एकीनंही मला सांगितलेलं नाही.

दिवाळीला मी तुम्हाला सुती साडी दिली. पाडव्यानंतर बघते तर तिचीच झोळी. "आधीचं लुगडं विरलं हुतं," म्हणालात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, हेही सांगून टाकते.

आणि १९ जानेवारी २०२५. रविवार असूनही तुम्ही गाडा उघडलात. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल, दिल्लीतून. पोरी दाटीवाटीनं उभ्या. खेळ सुरू झाला आणि तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "दोन पोरी कुठं गेल्या?" नऊ नाही, सातच खेळतात या नव्या प्रकारात, हे तुमच्या नजरेनं टिपलं. आपल्या मुलींनी नेपाळला ७८–४० नं हरवलं. संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे आहे म्हटल्यावर तुम्ही चौघींकडे वळून बघितलंत, बोलला काही नाहीत, आणि सगळ्यांना चहा दिलात. पैसे घेतले नाहीत.

इथं मैदानाला मॅट आहे, वर दिवे आहेत. घरात आम्ही सगळी एकत्र आहोत, त्यासाठीच तर आलो. लेक पाळणाघरात बरी रमलीय. बसलेल्या पोरांच्या मागून जाऊन पाठीवर थाप मारते आणि "खो" म्हणते, अशी तक्रार आलीय. दुपारी मात्र लवकर झोपत नाही. त्या बाईंना मी खरं कारण सांगितलेलं नाही, की हिला आता झोपायला शिट्टी लागते.

दसऱ्याला येतोय. सासूबाई आलं घेऊन येणार आहेत, इथलं चांगलं मिळतं म्हणतात. हे पत्र नात वाचून दाखवेल तेव्हा बिस्किटाचा भाग तिला दोनदा वाचायला लावा. माझं चुकलं, मावशी.

तुमची,
शिट्टीवाली