पडदा जागेवर आला, आता प्रेशर सांभाळ

प्रिय संजय,
स. न. वि. वि.

ऑपरेशननंतर डोळ्याचा सुटलेला पडदा (रेटिना) जागेवर बसला हे तुझ्या पत्रात वाचून जीव भांड्यात पडला. पण ‘दुखत नाही, म्हणून तपासणीची पुढची तारीख टाळतोय’ हे काही पटलं नाही. पडदा उत्तम असतानाही डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. त्याने डोळ्यामागची नस हळूहळू सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही. हाच काचबिंदू.

डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याच्या) कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातं. साधारण प्रेशर 10 ते 21 mmHg (पाऱ्याचे मिलिमीटर). तुझ्या डोळ्यात पडदा जागेवर धरून ठेवायला भरलेलं सिलिकॉन ऑइल आहे. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं. उताणा झोपलास तर ते पुढे येऊन बाहुलीशी पाण्याची वाट अडवू शकतं. डोळ्यात भिंग उरलं नसेल तर हा धोका जास्त, म्हणून सर्जन आयरिसला खाली, सहाच्या काट्याजवळ, छोटं भोक ठेवतात. सूज येऊन ते बुजलं की प्रेशर चढतं. मग लेझरने मोकळं करतात. तुझं भिंग ठेवलंय का, तेवढं विचारून घे.

पुढे महिन्यांनी ऑइल फुटून त्याचे सूक्ष्म थेंब जाळीत अडकतात. म्हणून पडदा पक्का झाला की बहुधा तीन ते सहा महिन्यांत ते काढतात. उशीर केला आणि जाळी खराब झाली, तर ऑइल काढूनही प्रेशर उतरेलच असं नाही.

मला जास्त काळजी ऑपरेशननंतर सूज उतरायला दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची वाटते. काहींना दोन-तीन आठवड्यांत त्यानेच प्रेशर वाढतं, आणि कळतही नाही. डॉक्टर सांगतील तसे कमी करत जा. बाटली संपली म्हणून मेडिकलमधून परस्पर नवी आणू नकोस, आणि एकदम बंदही करू नकोस.

प्रेशर उतरवायला टिमोलॉल हे थेंबांचं औषध दिलं तर तुझा दमा आधी सांग, ते तुला चालणार नाही. त्यासाठीच्याच असेटाझोलामाइडच्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. मुतखडा किंवा सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही सांग. दोन औषधांच्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ दे, आणि थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धर.

डोळा ठणकला, डोकं दुखलं आणि उलटी झाली तर पित्त समजून झोपू नकोस. त्याच रात्री दवाखाना गाठ. आणि दर भेटीत प्रेशरचा आकडा विचारून तारखेसह वहीत लिही. या वेळचा मला कळव.

तुझा,
अविनाश