वृंदास, गाठींबद्दल आणि बारशाबद्दल

कोथरूड, पुणे
८ फेब्रुवारी

प्रिय वृंदा,

सईच्या बारशाला मी आले नाही, त्याला आता दोन वर्षं होतील. ऑफिसात ऑडिट आहे असं तुला सांगितलं होतं. ऑडिट नव्हतं. पाळीचा तिसरा दिवस होता, दर दीड तासाला पॅड बदलावं लागत होतं आणि नाशिकपर्यंत एसटीत बसायची हिंमत होत नव्हती. पण ते निम्मंच कारण. पाळण्याशी उभं राहून तुमच्याबरोबर पाळणा म्हणताना माझा आवाज टिकला नसता, हे दुसरं. फोनवर सांगायला गेले की दर वेळी मीच विषय बदलते, म्हणून शेवटी लिहायला बसले.

माझ्या गर्भाशयात तीन गाठी आहेत. फायब्रॉइड. कॅन्सरच्या नाहीत, हे आधी वाच आणि श्वास घे. अशा गाठींत कॅन्सर निघण्याचं प्रमाण शंभरात एकही नाही. कितीतरी बायकांना गाठी असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. त्यातल्या बऱ्याच जणींना मुलं होतात, बाळंतपणं सुखरूप होतात. माझ्या मात्र वाट्याला त्रास देणाऱ्या आल्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये ऑफिसला जाताना मेट्रोत नळ स्टॉपला चढले. बसायला जागा मिळाली. मंगळवार पेठेच्या आसपास कळलं की कपड्यांवर आलंय, आणि चांगलंच आलंय. मला येरवड्याला उतरायचं होतं. येरवडा आलं, दारं उघडली, बंद झाली, मी उठलेच नाही. कल्याणीनगरही गेलं. शेवटी रामवाडीला सगळे उतरायला लागले तेव्हा समोरच्या कॉलेजच्या मुलीने काही न विचारता स्वतःचं जर्किन काढून माझ्या हातात दिलं, म्हणाली, "कमरेला बांधा ताई, मला नको परत." तिचं नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही. ते जर्किन धुऊन कपाटात ठेवलंय.

त्यानंतर महिन्याभराने आईबरोबर पर्वतीला गेले. १०३ पायऱ्या, लहानपणी धावत चढायचो त्या. चाळिसेक पायऱ्यांवर बसले ती उठवेना. आई सासष्ट वर्षांची, ती वर जाऊन देवदर्शन करून परत आली, मी तिथेच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४. बाईचं निदान १२ तरी असावं लागतं. इतके महिने मी स्वतःला आळशी समजत होते गं.

सोनोग्राफी झाली. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरचा एकच आकडा वाचला, साडेसहा सेंटिमीटर. म्हणाले, "वय ३४, मूल नाही. आता जे काय करायचं ते चटकन करून घ्या, नाहीतर पुढे पिशवी काढायचीच वेळ येईल." सहा मिनिटांत आम्ही बाहेर. गाडी तशीच पार्किंगमध्ये उभी, मी आणि निखिल आत बसून राहिलो, दोघांनाही काही बोलता येईना. नंतर घरात, सोसायटीत, ज्याला त्याला कळलं त्याने एकच विचारलं: केवढी आहे? लिंबाएवढी? संत्र्याएवढी?

दुसऱ्या डॉक्टर भेटल्या त्या ऑक्टोबरमध्ये. त्या म्हणाल्या, आकार नंतर बघू, गाठ कुठे आहे ते आधी बघू. त्यांनी समजावलं ते मी तुला तसंच सांगते, कारण तिथून मला सगळं समजायला लागलं. गर्भाशय म्हणजे जाड भिंतींची एक खोली धर. काही गाठी खोलीच्या आत डोकावतात, काही भिंतीच्या जाडीतच असतात, काही बाहेरच्या अंगाला, अंगणात असाव्यात तशा. अंगणातली गाठ मोठी असली तरी मूल राहायला सहसा आड येत नाही. आत डोकावणारी मात्र छोटी असली तरी रक्तस्राव वाढवते आणि गर्भ रुजण्याच्या आड येते. भिंतीतल्या गाठीबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. ती खोलीचा आकार बिघडवते की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

माझी अंगणातली गाठ तीन सेंटिमीटरची. साडेसहाची आहे ती मागच्या भिंतीत. आणि सगळ्यांत लहान, दोन सेंटिमीटरची, जिच्याकडे पहिल्या भेटीत कुणी लक्षच दिलं नाही, ती आत आहे. जास्तीत जास्त रक्त तिच्यामुळे जात असणार, असं त्या म्हणाल्या. मग एमआरआय केला. भिंतीतली गाठही खोली एका बाजूने दाबतेय, हे तेव्हा स्पष्ट दिसलं.

पण त्याही आधी त्यांनी एक गोष्ट केली. निखिलला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला मूल हवंय का? घरच्यांना नाही, तुम्हाला." मला रडू फुटलं. लग्नाला आठ वर्षं झाली, हळदीकुंकवाला गेलं की 'गोड बातमी कधी' विचारतात, आणि हा साधा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी 'हो' म्हटलं. इतकं सरळ 'हो' मी निखिललासुद्धा कधी म्हटलं नव्हतं. मग त्यालाही एकट्याला आत बोलावून तेच विचारलं.

वृंदा, माझं ठाम मत झालंय की हे उत्तर स्वतःशी नक्की असल्याशिवाय उपचारांची चर्चा सुरूच करू नये. मूल नको असतं तर माझ्यासमोरचे रस्ते वेगळे होते, आणि बरेचसे सोपे होते. गर्भाशयात बसवायचं ते हार्मोनचं साधन रक्तस्राव छान कमी करतं, पण ते मुळात गर्भनिरोधकच आहे. पाळी थांबवणारी इंजेक्शनं गाठी आकसवतात, बंद केली की त्या पुन्हा वाढतात, आणि फार दिवस घेतली तर हाडं ठिसूळ होतात. तुझ्या जावेने गाठींसाठी घेतलेल्या युलिप्रिस्टल गोळीबद्दल तू विचारलं होतंस ना? यकृत निकामी झाल्याचे प्रकार आढळल्यामुळे २०२० साली युरोपात तिचा वापर थांबवून फेरतपासणी लावली होती. आत्याच्या सांगण्यावरून मी कांचनार गुग्गुळही सहा महिने नेमाने घेतला. माझा रक्तस्राव त्याने कमी झाला नाही, एवढंच सांगते.

मी खरी अडले ती एम्बोलायझेशनपाशी. मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठाच बंद करायचा. १९९५ पासून फायब्रॉइडसाठी हे करतात. पोटावर चीर नाही, टाके नाहीत, एक-दोन दिवसांत घरी. दोन आठवडे मी याच्याच मागे होते. भीती होती ती सुरीची, आणि इथे सुरीच नव्हती. पण त्याच रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून बीजांडकोषांकडेही रक्त जातं आणि त्यांच्यातल्या बीजांच्या साठ्यावर परिणाम होऊ शकतो. पुढे गर्भपाताचा धोकाही जास्त दिसतो. ज्या बाईला मूल हवंय तिला डॉक्टर सहसा हा मार्ग आधी सुचवत नाहीत. ब्रिटनमध्ये २५४ बायकांवर झालेला एक अभ्यास २०२० साली छापून आला, तो मी रात्री बसून वाचला. काही जणींच्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या होत्या, काहींचं एम्बोलायझेशन केलं होतं. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या बायका आधीपेक्षा बऱ्या होत्या, पण गाठी काढलेल्या जास्त बऱ्या. माझी बीजांच्या साठ्याची चाचणी, एएमएच, माझ्या वयाला ठीक आली होती. जे शाबूत आहे ते पणाला लावायचं नाही, असं मी ठरवलं.

निखिलचं म्हणणं वेगळं होतं. त्याला थेट आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, करायचा होता. "वेळ जातोय," हा त्याचा मुद्दा, आणि तो चुकीचा नव्हता; पस्तिशीनंतर बीजांची संख्याही घटते आणि प्रतही. यावरून आमचं मोठं भांडण झालं. दिवाळीत दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. डॉक्टरांनी त्याला समजावलं की आतली गाठ तशीच ठेवून गर्भ सोडला तर त्याला रुजायला अडचण येईल, मेहनत आणि पैसे वाया जायची शक्यता जास्त. शिवाय आधी त्याची वीर्यतपासणी करून घ्या म्हणाल्या. बायकोच्या पोटाला सुरी लावण्याआधी नवऱ्याची ही साधी तपासणी झालीच पाहिजे, आणि कितीतरी घरांत ती होतच नाही! त्याने दुसऱ्याच दिवशी करून घेतली. रिपोर्ट चांगला आला. माझ्या गर्भनलिकाही तपासल्या, मोकळ्या आहेत. तेव्हापासून रिपोर्टांची फाइल तोच सांभाळतो आणि प्रत्येक भेटीआधी प्रश्न वहीत लिहून नेतो.

तर ठरलंय ते असं. आतली छोटी गाठ खालून दुर्बिणीने काढायची, आणि त्याच भुलीत पोटावर खालच्या बाजूला आडवी चीर देऊन भिंतीतली. अंगणातल्या गाठीला हात लावायचा नाही. गर्भाशयावर जितके छेद जास्त तितकी आत आतडी वगैरे चिकटायची भीती जास्त. भिंतीतली गाठही दुर्बिणीने निघू शकते, आणि सगळे मला तेच सुचवत होते. मी डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या हाताला कशाची जास्त सवय आहे?" त्या म्हणाल्या, इतक्या खोलवरच्या जागी थरावर थर टाके घालायचे तर मला उघड्यावर हाताने घालणं जास्त खात्रीचं वाटतं. मला तेवढं पुरलं. पुढे त्याच भिंतीवर नऊ महिने ताण यायचाय. व्रण दिसला तर दिसू दे.

नंतर सहा महिने थांबायचं, भिंत भरून येऊ द्यायची. मग प्रयत्न. मूल राहिलं तर सिझर होणार हे जवळपास नक्की, कारण कळा सोसताना जुन्या टाक्यांची जागा फाटण्याचा धोका असतो. शंभरात एकाहून कमी, पण असतो. गाठी पुन्हा येऊ शकतात, तेही सांगितलंय. आणि इतकं सगळं करून मूल राहीलच, असं कुणीही म्हटलेलं नाही. हे मी रोज रात्री एकदा स्वतःला सांगते.

सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते सांगू? भुलीत असताना रक्त थांबेना म्हणून पिशवीच काढली तर. असं क्वचित होतं, पण संमतीपत्रावर ती ओळ छापलेली असते. मी डॉक्टरांना सांगितलं, जीव जायची वेळ आली तरच, आणि निखिलला आधी सांगून. त्यांनी ते माझ्यासमोर हाताने लिहून खाली सही केली.

हे एका संध्याकाळी सासूबाईंना सांगत होते. त्या गूळपोळ्या लाटत होत्या, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. लाटणं थांबवून म्हणाल्या, "माझी अडतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून फार जायचं. कशाला काढली, अजून माहीत नाही. ह्यांनी सही केली होती." त्यांना दोन मुलगे, तेव्हा कुणालाच त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नसेल. मला एकदम २०१९ च्या बातम्या आठवल्या, बीडच्या ऊसतोड बायकांच्या. तिशीच्या आतबाहेरच्या बायका, खाडा पडू नये म्हणून पिशवी काढून मोकळ्या झालेल्या. त्यांच्या आणि माझ्या आयुष्यात फार अंतर आहे, पण मला प्रश्न विचारायला वेळ मिळाला, दुसरं मत घ्यायला पैसे होते, याची जाणीव त्या दिवसापासून सुटत नाही. सासूबाई परवा माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरांना स्वतःच्या ऑपरेशनबद्दल विचारून बसल्या. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली त्यांना.

सध्या सलाइनमधून लोह चाललंय. हिमोग्लोबिन ९.८ वर आलंय. ११ च्या वर गेल्याशिवाय टेबलावर घेणार नाहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होईल असा अंदाज आहे. दवाखान्यात तीन-चार दिवस, मग घरी महिनाभर जड उचलायचं नाही.

मला त्या महिन्यातले आठ दिवस तू हवी आहेस. आई आहे, सासूबाई आहेत, निखिलने रजा टाकलीय, माणसं कमी नाहीत. पण हॉस्टेलवर मला टायफॉइड झाला तेव्हा तू रात्री उशाशी बसून काहीबाही वाचून दाखवायचीस, तसं कुणीतरी हवंय. सईला घेऊन ये. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही, आणि टाक्यांमुळे तेव्हाही उचलता येणार नाही, पण शेजारी झोपवता येईल.

गाड्या अजून वाकडेवाडीलाच लागतात. तिथे उतरलीस की फोन कर, निखिल घ्यायला येईल.

तुझीच,
मेधा