देव्हाऱ्यातली नाणी चिंचेनं घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात घरोघरी देव्हाऱ्यातली तांब्या-पितळेची भांडी बाहेर निघतात आणि चिंच-मिठानं लखलखीत होतात. भांड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांच्यासोबत कुंकवाच्या करंड्यातली जुनी नाणीही घासली जातात, म्हणून हे पत्र.

मी २६ वर्षं शहर बसवर कंडक्टर होतो. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली की पिशवीतली चिल्लर हातावर घेऊन बघत बसायचो. ही सवय लागली गंगावेशीत चढलेल्या एका आजींमुळं. त्यांनी दिलेल्या सुट्ट्या पैशांत कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं होतं, १९७० सालचं. "ह्ये चालतंय न्हवं?" त्यांनीच विचारलं. मी होय म्हणालो, दिवसाच्या जमेच्या भरण्यात माझे वीस पैसे घातले आणि ते नाणं खिशात ठेवलं. कमळाची ही नाणी १९६८ ते १९७१ एवढीच वर्षं निघाली. त्यात सोनं आहे अशी आवई आमच्या गल्लीत होती आणि लोकांनी ती वितळवायला दिलेली मी लहानपणी पाहिली आहेत. सोनं कुठलं निघणार? नाणी मात्र गेली.

पुढं नजर बसत गेली. सालाखाली पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असली तर हैदराबादचं, नुसता ठिपका असला तर नोएडाचं, काहीच नसलं तर कोलकात्याचं. एकदा रुपया म्हणून घेतलेल्या नाण्यावर सुरई निघाली. दुबईकडचा दिरहम होता तो. आखातात नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी खिशातून आला असणार. शुक्रवार पेठेत एक जुनं घर पाडताना सुताराला दाराच्या खिळ्याखाली १९४३ चा भोकाचा पैसा मिळाला. महायुद्धात धातू वाचवायला सरकारनं पैशाला भोक ठेवलं आणि आमच्या माणसांनी त्याचा वायसर केला. सुतार तो भंगारात टाकणार होता. मी मागून घेतला आणि पाकिटावर लिहिलं: शुक्रवार पेठ, दाराचा खिळा.

हे लिहून ठेवणं मला नाण्याइतकंच मोलाचं वाटतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीचं उदाहरण घ्या. तिथं १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केलं. कोल्हापूर भागात सापडलेल्या शिशाच्या नाण्यांवर एका बाजूला धनुष्यबाण आणि विळिवायकुर, सिवलकुर अशी प्राचीन राजांची नावं आहेत. या राजांची ओळख आपल्याला मुख्यतः या नाण्यांमुळंच आहे. ती कुठं मिळाली याची नोंद नसती, तर ते राजे आपल्या भागाचे हे तरी कशावरून म्हणायचं? शिसं तर कुणीही वितळवून टाकलं असतं.

जमिनीत नाणी सापडली की लोक घाबरून गप्प बसतात आणि माल गुपचूप गुजरीत, सराफांकडं जातो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पण त्याच कायद्यात सापडवणाऱ्याच्या हिश्शाची सोय आहे, आणि सरकारनं ते ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जादा धरून मोबदला द्यायची तरतूदही आहे. ही दुसरी बाजू लोकांपर्यंत पोचलेलीच नाही. आपल्या पत्रानं ती छापावी.

मोबाइलवर "जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" असे निरोप फिरतात, त्यांना भुलू नये. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलीही फी घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. आमच्या गल्लीतला एक शिकलेला मुलगा तरीही नोंदणी फीच्या नावाखाली पैसे घालवून बसला.

माझी विनंती साधी आहे. टाऊन हॉलमध्ये आपलं वस्तुसंग्रहालय आहे, ब्रह्मपुरीच्या वस्तू तिथंच आहेत. नवरात्रापूर्वी एखादा रविवार ठरवून लोकांना घरातली नाणी घेऊन तिथं बोलवावं. जाणकारांनी ती बघावीत, फोटो काढावेत, कुठून आली ते लिहून घ्यावं आणि नाणं ज्याचं त्याला परत द्यावं.

हे मी इतक्या कळकळीनं लिहितो त्याला कारण आत्याची शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं. आत्या गेल्यावर ती देव्हाऱ्यातल्या वाट्यांबरोबर माझ्याकडं आली. शिवराईच्या एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" असतं. आत्यानं भक्तीनं, दरवर्षी, चिंच लावून ती घासली होती. "श्री" बोटाला लागतो, "राजा" उजेडात तिरकं धरलं तर दिसतं, बाकी सपाट तांबं. तिच्या सासरी ती कुणाकडून, कुठल्या गावाहून आली हे विचारायचं राहून गेलं. पाकिटावर मी लिहिलं आहे: आत्याच्या देव्हाऱ्यातून. आधीचं ठाऊक नाही.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
शिवाजी पेठ, कोल्हापूर