एंजल मरते हे खरं, पण त्याआधी ती जगते त्याचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'रेंट' या ब्रॉडवे म्युझिकलवर (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या संगीत नाटकावर) लेख आला, वाचून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयावर कोण लिहितंय. पण त्यातल्या एंजलबद्दल जे दोन-तीन ओळींत उरकलंय ते अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र. एड्स झालेलं तृतीयपंथी पात्र, सगळ्यांना प्रेम देतं आणि स्वतः मरून मित्रांना जगायला शिकवतं, बस एवढंच लेखात आहे. मी बरीच वर्षं एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं) समुपदेशक होते. आमच्याकडे येणारी माणसं कुणाला धडा द्यायला आजारी पडलेली नसतात हो, त्यांना नोकरी असते, भाडं भरायचं असतं, कुणावर तरी जीव जडलेला असतो.

एंजल पहिल्यांदा स्टेजवर येते तो प्रसंग बघा. ख्रिसमसच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये ती फुटपाथवर लोणच्याची प्लॅस्टिकची बादली उलटी टाकून ढोलासारखी वाजवत असते आणि तिथंच कॉलिन्स नावाच्या माणसाला लुटून, मारहाण करून लोक पळून गेलेले असतात. ती त्याला उठवते, गुडघ्याला पट्टी लावू म्हणते, आणि तिथल्या तिथं सांगून टाकते की माझ्या शरीरात एड्स आहे, साडेनऊला सपोर्ट ग्रुपची मीटिंग आहे तिकडे जायचंय. कॉलिन्स म्हणतो, मलाही आहे. ती म्हणते, मग आपलं छान जमेल. प्रेमाची गोष्ट इथून पुढं सुरू होते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारा, आपला रिपोर्ट जोडीदाराला सांगायचा कसा यावर किती किती सेशन जातात, लग्न ठरलेली मुलं समोर बसून घाम पुसत असतात, काही जणांना दहा वर्षं झाली तरी घरी सांगता आलेलं नसतं. आणि इथं ही बाई ओळख झाल्या झाल्या सांगते, रडत नाही, माफी मागत नाही. मी हा सीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा थांबवून परत पाहिला. लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही.

बरं, ती कुणी संतबिंतही नाहीये. एका श्रीमंत बाईला शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यानं झोप लागत नाही म्हणून ती एंजलला हजार डॉलर देते, आणि एंजल तासभर एवढं वाजवते की ते अकिता जातीचं कुत्रं २३व्या मजल्यावरून खाली उडी टाकतं. हे ती नाचत, गात, मोठ्या अभिमानानं मित्रांना सांगते आणि ते पैसे त्यांच्यावरच उडवते. पुढं कळतं की कुत्रं बेनीचं, म्हणजे या मित्रांच्या घरमालकाचं, होतं, आणि एंजलच्या अंत्यविधीला पैसे नसतात तेव्हा भरतो तो बेनीच, आणि हे कुत्र्याचं त्याला आधीच माहीत असतं. इतकं गुंतागुंतीचं, पैशाला हावरं, दिलदार, नटवं माणूस आहे हे. (नाटकात मित्रमंडळी तिला कधी तो म्हणतात कधी ती, मी ती म्हणतेय.) तिला देवी करून टाकली की हे सगळं पुसलं जातं.

आता मरणाबद्दल. जोनाथन लार्सननं हे म्युझिकल इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'ला बोएम' या १८९६ च्या ऑपेरावरून रचलं, तिथं क्षय आहे, इथं एड्स. त्या ऑपेरात एंजलच्या जागी शोनार नावाचा संगीतकार आहे आणि तो मरत नाही, मरते नायिका मिमी. लार्सननं उलट केलं, 'रेंट'मधली मिमी शेवटी शुद्धीवर येते आणि एंजल जाते. त्याचे स्वतःचे मित्र एड्सनं गेलेले होते, सपोर्ट ग्रुपच्या मीटिंगांना तो जाऊन बसायचा, त्यामुळं त्याला दोष द्यायचा माझा विचार नाही, तो स्वतःसुद्धा २५ जानेवारी १९९६ च्या पहाटे, पहिला प्रिव्ह्यू (उद्घाटनाआधीचा प्रयोग) व्हायचा त्याच दिवशी, महाधमनी फाटून गेला, फक्त ३५ वर्षांचा होता. पण स्त्रीवेशात वावरणारं, समाजाच्या कडेला असलेलं पात्रच मरायला निवडलं गेलं ही निवड आहे, नशीब नाही, आणि तीस वर्षांनी लेख लिहिताना हे म्हणायला पाहिजे होतं.

दुसरं म्हणजे तारखा. 'रेंट' ब्रॉडवेवर लागलं २९ एप्रिल १९९६ ला. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात, प्रोटीझ इनहिबिटर ही एचआयव्हीवरची नवी औषधं अमेरिकेत मंजूर झाली आणि दोन-तीन औषधं एकत्र द्यायला लागल्यावर मरायला टेकलेली माणसं उठून कामावर जायला लागली. म्हणजे एंजल रोज रात्री स्टेजवर मरत होती आणि बाहेर तिच्यासारख्यांना जगवणारं औषध आलेलं होतं. २००८ पर्यंत ५,१२३ प्रयोग झाले, तोपर्यंत तर आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मोफत एआरटी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी असते, नियमित घेतली आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे तुमच्या लेखात एका ओळीनं नाही. "त्या भीषण रोगानं" असं लिहून सोडून दिलंय. हे वाचून टेस्टला निघालेला माणूस परत घरी जाईल.

आमच्याकडे गोळ्या न्यायला येणाऱ्या एक तृतीयपंथी ताई होत्या, त्या बाटलीवरचं लेबल तिथंच बाकावर बसून नखानं खरवडून काढायच्या, कारण खोलीमालकाच्या नजरेला पडलं तर खोली जाईल. गोळ्यांनी तब्येत एकदम ठणठणीत होती, भीती होती ती फक्त लेबलची. २०१७ चा एचआयव्ही कायदा घर नाकारायला मनाई करतो, पण खोलीमालकाला हे सांगणार कोण?

म्हणून दोन विनंत्या. आपल्याकडची हौशी मंडळी, एकांकिकावाली मुलं असलं पात्र लिहायला घेतील तेव्हा तिला पन्नाशीची करा, गुडघे दुखणारी करा, गोळी घ्यायला विसरली म्हणून जोडीदाराची बोलणी खाणारी करा. आणि तुम्ही पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा खाली चौकटीत १०९७ हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा मोफत नंबर द्या, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं हेही लिहा.

आपली,
एक वाचक, सातारा